छताखालचं विमान

१

विमानासाठी हातात धरायचा जीपीएस घ्यायचा असेल तर तो दुकानात बघून कधी घेऊ नये. दुकानात सगळेच गोरेगोमटे दिसतात. तो भर उन्हात न्यावा आणि डोळे बारीक न करता पडदा वाचता येतो का ते बघावं. मग गाडीत बसून खडबडीत रस्त्याने जावं आणि हादरे बसत असताना एका हाताने हवं ते बटण दाबून बघावं. तेवढं जमत नसेल तर बाकीची कौतुकं काय चाटायची आहेत? मी सगळा जन्म पोरापोरींना विमान उडवायला शिकवण्यात घालवला. कानांच्या दुखण्याने मला जमिनीवर आणलं, तेव्हापासून फ्लाइंग क्लबच्या वायरलेसच्या खोलीत बसते. क्लब म्हणजे तरी काय, एक धावपट्टी, विमानं ठेवायचा एक हँगर आणि चहा पिऊन वेळ उरलाच तर उडणारी चार माणसं.

जीपीएस हवा होता माझ्या भाचीसाठी. माझ्या धाकट्या भावाची ही एकुलती एक मुलगी, मी तिला चिमणी म्हणते. तिची एकटीने करायची पहिली लांबची सफर ठरली होती. दोन गावांना उतरून त्याच दिवशी परत यायचं. तिच्या आईने होकार दिला, पण एका अटीवर.

"ताई, जे यांच्याजवळ नव्हतं ते तिच्याजवळ असलं पाहिजे," ती म्हणाली. "आणि ते तुम्हीच निवडा. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी तिला सोडणार नाही."

यांच्याजवळ म्हणजे माझ्या भावाजवळ. चिमणी रांगत होती तेव्हा तो क्लबचं विमान घेऊन उत्तरेच्या डोंगरांवर गेला आणि ढगात शिरला. ना विमान सापडलं, ना तो. तेव्हा नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावरच आमचा सगळा कारभार चालायचा. घरचे त्याला नावाने हाक मारायचे. मी मात्र 'धाकट्या' म्हणायचे, आणि मोठा झाल्यावर त्याला चारचौघांत त्या हाकेची लाज वाटायची.

दुकानदार ओळखीचा होता. त्याने तीन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं वापरून बघायला दिली. "बाई, पसंत पडेल ते ठेवा, बाकीची परत करा," म्हणाला. लग्नाच्या मुलीला स्थळं बघावीत तशी मी ती खोकी टेबलावर मांडली. पहिलं मोठ्या पडद्याचं, अंगाने भारी. दुसरं लहानसं, बटणांचं, साध्या सेलवर चालणारं. तिसरं नुसतं काचेचं, बोट लागलं की नाचणारं. तिसऱ्याचा मला पहिल्यापासूनच राग आला.

२

या यंत्रांना आकाश लागतं. उपग्रह दिसले तर ती आपली जागा सांगतात. डोक्यावर छत आलं की बिचारी आंधळी होतात आणि 'ठिकाण सापडत नाही' अशी ओळ दाखवून गप्प बसतात. वायरलेसच्या खोलीला जाड स्लॅब आहे आणि वर पाण्याची टाकी. तिथे उपग्रह दिसायचं कारणच नाही. मी पहिलं यंत्र सुरू केलं ते फक्त अक्षरं मोठी करून ठेवायला.

दुपार होती. पंखा कुरकुरत होता, वायरलेसची नेहमीची खरखर चालू होती. पडद्यावर नकाशा आला, आणि नकाशाच्या वरच्या टोकाला, डोंगरांच्या रांगेवर, एक छोटं विमान. ते डावीकडे वळत होतं.

मला हसू आलं. या यंत्रांत सराव मोड असतो. घरबसल्या शिकता यावं म्हणून ती एक खोटं विमान उडवून दाखवतात. नवशिके तो बंद करायला विसरतात आणि खऱ्या विमानात बसून खोट्याच्या मागे जातात. त्यावरून मी कित्येकांना फैलावर घेतलंय. दुकानदारानेच चालू ठेवला असणार, असं म्हणत मी सराव मोड बंद करायला गेले. तो बंदच होता.

मग मी कोपऱ्यातल्या उंचीच्या आकड्याकडे बघितलं. सरावाचं विमान शहाण्या मुलासारखं उडतं. एकदा उंची ठरवून दिली की तो आकडा हलत नाही. हा हलत होता. वळताना थोडा घसरायचा, मग उडवणाऱ्याच्या लक्षात आल्यासारखा एकदम चढायचा, हवा त्याहून जास्त, आणि मग सावकाश जागेवर यायचा. पुन्हा डावं वळण, पुन्हा तेच.

मी यंत्र बंद करून खोक्यात घातलं. माल खराब आहे, असं स्वतःशी मोठ्याने म्हटलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हटलं.

३

दुसऱ्या यंत्रावरही ते होतं. तिसऱ्यावरही.

शेवटी मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवली. तीन पडदे, तीन तऱ्हेचे नकाशे, आणि तिन्हींवर एकाच डोंगरावर एकाच वेळी वळणारं विमान. एकाची उंची घसरली की बाकी दोघांची घसरे. तीन कंपन्या, तीन बनावटी आणि चूक एकच? चुका अशा गुण्यागोविंदाने नांदत नाहीत.

शिकवणाऱ्याला हात ओळखू येतो. वहीवर नाव नसलं तरी मास्तरांना अक्षरावरून पोर कळतं ना, तसंच. वळणात नाक खाली सोडायचं आणि मग दचकून जास्त वर ओढायचं, ही खोड मी सगळ्यांची मोडली. एकाची तेवढी मोडता आली नाही. "अरे, विमान वळवतोस की जिना चढतोस?" असं मी ओरडायचे. तो म्हणायचा, "पोचतो ना शेवटी? मग झालं तर."

मला आधी रडू आलं. भीती नंतर वाटली.

तेवढ्यात मिस्त्री चहा घेऊन आला. क्लबची एंजिनं तोच सांभाळतो, अगदी सुरुवातीपासून. धाकटा हरवला तेव्हा ते डोंगर पायी पालथे घालणाऱ्यांत हाही होता.

"सराव मोड बंद करा की बाई," पडद्यांकडे बघून तो म्हणाला.

"बंदच आहे."

त्याने चष्मा लावला आणि वाकून एक अख्खं वळण बघितलं. मग चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

"त्या दिवशी टाकी तुम्हीच भरली होती ना?" मी विचारलं.

"काठोकाठ."

"किती पुरली असती?"

"एवढी नाही, बाई."

चहा तसाच टेबलावर ठेवून तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "पोरीला दाखवू नका."

४

खोलीबाहेर नेलं की तिन्ही यंत्रं ताळ्यावर यायची. उन्हात धरली की डोंगरावरचं विमान नाहीसं व्हायचं आणि आमच्या धावपट्टीच्या कडेला, मी उभी असेन तिथे, मुकाट्याने ठिपका उमटायचा. परत छताखाली आणली की काही वेळ गोंधळायची आणि मग पुन्हा डोंगर. आपण कुठे आहोत हे त्यांना कळेनासं झालं की तो कुठे आहे हे ती दाखवायची. याहून जास्त मला काही सुचलं नाही. पुष्कळ डोकं खाजवलं. दुसऱ्या कुठल्या विमानाचा संदेश पकडत असतील, तिन्हींचा नकाशा एकाच ठिकाणी बनला असेल, माझंच डोकं फिरलं असेल. शेवटचं मला सगळ्यात पटण्यासारखं वाटायचं, पण मग मिस्त्रीचं डोकं कोणी फिरवलं?

चिमणी यंत्रं बघायला आली तेव्हा मी ती बाहेरच्या बाकावर मांडली. तिने तिन्ही उन्हात धरून बघितली, बटणं दाबली आणि लहान यंत्र उचललं.

"हे घेऊ या आत्या. अगदी तुझ्यासारखं आहे. ठेंगणं आणि ठणठणीत."

"आणि फटकळ?"

"तर काय! डोंगर जवळ आला की केवढ्याने ओरडतं." मग ती ते तळहातावर फिरवत राहिली. "बाबांच्या वेळी हे असतं तर?"

"तर माझं डोकं खायला तुम्ही दोघं असता," मी म्हटलं.

ती हसली. हसताना तिची मान जराशी डावीकडे कलते. मी बाकीची दोन यंत्रं उचलून खोलीत नेली आणि पडदे पालथे घालून ठेवली.

५

ती सकाळी निघाली. लहान यंत्र विमानाच्या काचेला चिकटवून मी स्वतः दोनदा ओढून बघितलं. तिची आई घरी थांबली होती. तिला धावपट्टी बघवत नाही.

पहिल्या गावी उतरल्याचा फोन आला, मग दुसऱ्या गावचाही. "निघते आता. मस्त हवा आहे आत्या, उगाच काळजी करत बसू नकोस." परतीचा बराचसा रस्ता डोंगरांच्या पलीकडून होता. तेवढा वेळ ती वायरलेसच्या टप्प्याबाहेर असणार होती. बाकी कोणी उडायला आलं नव्हतं. खोलीत मी, पंखा आणि खरखर.

मी ती दोन यंत्रं उलटी केली. तो होताच. डावं वळण, नाक खाली, दचकून वर. मी बघत बसले, आणि मला पहिल्यांदाच एक साधी गोष्ट कळली. तो ढगात भोक शोधत होता. खाली जमीन दिसेपर्यंत एका जागी चकरा मारायच्या, असंच शिकवतात. तो ढग कधीचा विरून गेला होता. त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

मी माईक उचलला.

"धाकट्या."

नुसती खरखर.

"धाकट्या, मी आहे. घराकडे वळ. दक्षिणेला. सगळं मोकळं आहे."

टक्. टक्.

बोलायचा कंटाळा असला की वैमानिक माईकचं बटण दोनदा दाबतो. 'कळलं' असा त्याचा अर्थ. धाकटा नेहमी तेच करायचा आणि माझी बोलणी खायचा. आता माझ्या कानांची साक्ष कोणी धरणार नाही, मीसुद्धा नाही. पण पडद्यांवर ते वळण मध्येच सुटलं. विमान सरळ झालं, आणि दोन्ही नकाशांवर त्याचं नाक दक्षिणेला लागलं.

मी उठले आणि खोलीतल्या खुर्च्या सरळ केल्या. टेबलावरचे कप उचलले. कोणी घरी यायचं म्हटलं की हात आपोआप कामाला लागतात. मला इतका आनंद झाला होता की मी काय करते आहे याचा विचारसुद्धा केला नाही. हे मी आत्ता म्हणते आहे. तेव्हा फक्त, एकदा त्याची चाकं जमिनीला लागू देत, एवढंच मनात होतं.

६

चिमणीचा आवाज आला तेव्हा धाकटा धावपट्टीपासून फार लांब नव्हता.

"आत्या, पश्चिमेकडून धूळ येतेय. भिंतच्या भिंत आहे. धावपट्टी दिसतेय अजून, सरळ आत येते."

मी खिडकीतून बघितलं. आभाळाचा तो कोपरा विटकरी झाला होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी ताठ आडवी झाली होती. "ये. घाई करू नकोस, पण ये," मी म्हटलं.

मग पडद्याकडे बघितलं, तर तो शेवटच्या सरळ टप्प्यावर लागला होता. वेग कमी केलेला, उंची हळूहळू उतरत असलेली. एकदासुद्धा नाक हललं नव्हतं. असं उतरायला मी त्याला शिकवलं होतं आणि असं तो आयुष्यात कधी उतरला नव्हता.

"आत्या, माझ्यापुढे कोणी आहे का?"

"का गं?"

"हेलकावे बसताहेत. दुसऱ्या विमानाच्या मागे गेल्यावर बसतात तसे. पण समोर कोणी नाहीये."

आता ती मला दिसत होती. पांढरं विमान, एकटंच, विटकरी भिंतीच्या पुढे. ते एकाएकी एका पंखावर कलंडलं, सावरलं, दुसऱ्या पंखावर कलंडलं.

"आत्या, धरवत नाहीये."

तिला मागे फिरता येणार नव्हतं. पुन्हा चक्कर मारून येईपर्यंत धुळीने धावपट्टी गिळली असती. आणि तो तिच्या थोडाच पुढे होता, दोन्ही पडद्यांवर, इतका जवळ की नकाशावर धावपट्टी आणि तो यांच्यामध्ये बोट ठेवायलाही जागा नव्हती. थोडासा वेळ, फार नाही. तेवढा वेळ मला हवा होता. देवाशपथ हवा होता. मी माईक हातात धरून गप्प राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही.

चिमणीने बटण दाबलं, पण ती बोलली नाही. एंजिनाची घरघर आली आणि तिचा श्वास आला, भ्यालेल्या लहान पोराचा येतो तसा.

"धाकट्या," मी म्हटलं, "वर जा. तुझ्या मागे चिमणी आहे. तिला जागा दे."

टक्. टक्.

ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं. धावपट्टीच्या टोकावरून एक सावली आत सरकली. पंख, शेपूट, सगळं रेखल्यासारखं. वर काही नव्हतं. सावली गवतावर आली, मोठी होत होत खिडकीवरून गेली, खोलीत क्षणभर काळोख झाला आणि टेबलावरचे कप किणकिणले. मग ती पलीकडे निघाली आणि मला दिसेनाशी झाली. लहानपणापासून माझं एका हाकेत त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मागोमाग चिमणीची चाकं टेकली. ती हँगरपाशी पोचते न पोचते तोच धूळ आली आणि खिडकीत काहीही दिसेना.

७

मिस्त्री तिला धरूनच आत घेऊन आला. तिच्या केसांत, पापण्यांवर धूळ होती आणि ती एकाच वेळी हसत होती आणि थरथरत होती. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती "आत्या, हाडं मोड आता," म्हणाली. मिस्त्री पाणी आणायला म्हणून गेला तो परत आला नाही.

ती खुर्चीवर बसली. तिने खिशातून लहान यंत्र काढून टेबलावर बाकी दोघांच्या शेजारी ठेवलं. "हेच घ्यायचं हं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "तू 'धाकट्या' कोणाला म्हणालीस?"

तिची आई तिला सगळं सांगत आलेली आहे, मी त्याला कशी हाक मारायचे हेसुद्धा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. पुन्हा तिने विचारलं नाही.

वाळू काचेवर सरसरत होती. मी तिन्ही पडदे बघितले. डोंगरावर कोणी नव्हतं. दक्षिणेच्या वाटेवर कोणी नव्हतं. 'ठिकाण सापडत नाही.' तीन पडदे, एकच ओळ. यंत्रं आता अगदी जशी चालायला हवीत तशी चालत होती.

'वर जा' म्हणजे निघून जा असं नव्हे. चढायचं, धावपट्टीला वळसा घालायचा आणि पुन्हा उतरायला यायचं. हे आम्ही अगदी सुरुवातीला शिकवतो, त्यालाही मीच शिकवलं होतं. एका वळशाला जेवढा वेळ लागतो तेवढा मी थांबले. मग आणखी थांबले.

"धाकट्या, आता ये," मी माईकवर म्हटलं. "धावपट्टी मोकळी आहे. ये रे." माझा आवाज फाटला.

चिमणी उठली. तिने माझ्या हातातून माईक घेतला आणि बटणावर अंगठा ठेवला.

"बाबा," ती म्हणाली. हा शब्द तिने आजवर हाक मारायला वापरलाच नव्हता. "मी उतरले."

तिने बटण सोडलं आणि आम्ही दोघी ऐकत बसलो.

पुढे धूळ बसली, स्वच्छ ऊन पडलं. हवा छान झाली म्हणून एकजण उडायला आला, त्याला मी नको म्हटलं. का म्हणून त्याने विचारलं, तेव्हा चिमणीच दारात जाऊन म्हणाली, "अजून एकजण यायचाय." अंधार पडेपर्यंत धावपट्टी आम्ही कोणाला दिली नाही.